आज दुपारी मी ‘स्वच्छ’ म्हणालो

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी लाँच धक्क्यावरून सुटली. लाँचवर ती चालवणारा तांडेल एकटाच होता. खाडीपलीकडे होड्या दुरुस्त करायची गोदी आहे. तिथे काम करणाऱ्या अकरा माणसांना वादळाआधी अलीकडे आणायचे होते. सुटण्यापूर्वी तांडेलाने बोटाच्या पेराने माझ्या काचेवर दोनदा टकटक केली. माझा काटा ‘स्वच्छ’ या शब्दावर होता. तो मान हलवून गेला.

मी एक जुना वायुभारमापक आहे, मित्रांनो. लाँचच्या तिकिटखिडकीशेजारी, दाराकडे तोंड करून टांगलेला. माझे खरे नाव लांबलचक असल्याने इथले लोक मला गोलोबा म्हणतात. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे. तिच्यातली हवा काढून ती कायमची बंद केली आहे. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते, आणि तेवढ्या हालचालीने माझा काटा फिरतो. वादळाआधी हवा हलकी होते आणि काटा उतरतो. एवढेच माझे काम. काटा हलवायचा आणि गप्प बसायचे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. लाकडी चौकट, पितळी कडे, पांढरी तबकडी. तबकडीवर परक्या भाषेत पाच शब्द होते. मी या धक्क्यावर आलो तेव्हा धक्क्याचा कारभार पाहणाऱ्या मास्तरांनी त्या शब्दांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिले : वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडे. मास्तर रोज सकाळी सहाला येत. माझ्या काचेवर एक पितळी खुणेचा काटा आहे, तो हाताने फिरवायचा असतो. मास्तर तो माझ्या काळ्या काट्यावर आणून ठेवत आणि दुपारी दोन्ही काट्यांतले अंतर पाहत. नवा माणूस आला की त्याला बजावत, ‘शब्द वाचू नका, अंतर वाचा. शब्द मी चिकटवलेत. अंतर हवेने पाडलेले असते.’ मास्तर थट्टेखोरही होते. म्हणत, ‘पोटात हवेचा लवलेश नाही आणि धंदा हवेच्या बातम्यांचा. आपल्या पुढाऱ्यांच्या बरोबर उलट.’

ती माझी चांगली वर्षे. एकदा अंतर पाहून मास्तरांनी चौदा होड्या थांबवल्या आणि संध्याकाळी समुद्र खवळला, तेव्हा लोकांनी मास्तरांचे आभार मानले आणि माझी काच पुसली. तेव्हापासून पाण्यावर जाण्याआधी माझ्या काचेवर दोनदा टकटक करायची रीत पडली. मास्तर निवृत्त झाले, पुढे वारले. टकटक राहिली. पितळी काट्याला मात्र कोणी हात लावेना.

तीन वर्षांपूर्वी धक्क्याची कचेरी दुरुस्तीसाठी बंद झाली. सामान वरच्या गावात, नगरपालिकेच्या इमारतीत नेले. वरचे गाव इथून सातशे फूट उंचावर आहे. मलाही तिथल्या व्हरांड्यात टांगले.

आता नीट ऐका, कारण माझ्या लाजेची मुळे इथे आहेत. उंचावर हवा विरळ असते, तिचा भार कमी असतो. त्यामुळे लख्ख उन्हातही माझा काटा ‘पाऊस’ दाखवू लागला. मी खोटे बोलत नव्हतो. मला जेवढी हवा भेटली तेवढीच मी सांगत होतो. पण लोकांना हसू आवरेना. कारकून छत्री उघडून माझ्यासमोर उभे राहत. गोलोबाला म्हातारचळ लागला, असे शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मला ते फार लागले.

शेवटी घड्याळजींना बोलावले. वरच्या गावात त्यांचे दुकान आहे. घड्याळे, वजनकाटे, शिवणयंत्रे, सगळे तेच दुरुस्त करतात. त्यांनी मला दुकानात नेले, उलटे केले, पाहिले. क्षणात त्यांच्या लक्षात आले की मला काहीही झालेले नाही. माझ्या पाठीवर एक बारीक स्क्रू आहे. जागेची उंची बदलली की तो फिरवून काटा नव्या जागेला जुळवून घ्यायचा असतो. घड्याळजींनी तो फिरवला. अर्धे मिनिट लागले असेल. मग त्यांनी मला चार दिवस फळीवर ठेवले आणि पाचव्या दिवशी परत नेऊन दिले. आतली स्प्रिंग गेली होती, बदलली, असे ते म्हणाले.

माझा काटा ‘स्वच्छ’वर आला होता. बाहेर ऊन होते. सगळ्यांनी घड्याळजींच्या हाताची तारीफ केली, आणि माझीही केली. मी आजारी नव्हतोच, हे मला ठाऊक होते. पण आजारातून उठलेल्याचे जे कौतुक होते ते मला गोड लागले. मला तोंड नाही हे खरे. असते तर मी खरे सांगितले असते का, याची मला खात्री नाही.

महिन्यापूर्वी धक्क्याची कचेरी पुन्हा उघडली आणि मला खाली आणले. माझा हिशोब मात्र अजून सातशे फूट उंचीचाच होता. खाली हवा जड, त्यात पाठीवरचा स्क्रू वरच्या गावासाठी फिरवलेला तसाच. काटा पार ‘कोरडे’च्या जवळ जाऊन बसला. कोणाला काही खटकले नाही, कारण दिवस पानगळीचे होते, आकाश निळे होते, जमीन खरेच कोरडी होती. लोक म्हणाले, गोलोबाला खालची हवा मानवली. रोज टकटक, रोज शाबासकी. उन्हात ‘कोरडे’ सांगायला अक्कल लागत नाही, मित्रांनो. मी मात्र एखाद्या विद्वानासारखा तोऱ्यात टांगलेला होतो.

काल रात्री रेडिओवर बातमी आली. मोठे वादळ येत आहे, उद्या रात्री किनाऱ्याला लागेल, घराबाहेर पडू नका. आज सकाळपासून मी दारातून लोकांची धावपळ पाहतो आहे. समोरचा शिंपी खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतो आहे. पिठाच्या गिरणीवाल्याने छपराच्या पत्र्यांवर वाळूची पोती चढवली. दुकानातल्या मेणबत्त्या सकाळी दहाच्या आत संपल्या. लहान होड्या ओढून रस्त्यावर आणल्या, आता रस्त्याने जाणाऱ्या माणसांना होड्यांना वळसा घालावा लागतो. आणि या सगळ्या गडबडीत येणारा जाणारा माझ्याकडे डोकावतो. रेडिओ सगळ्या किनाऱ्यासाठी बोलतो, गोलोबा आपल्यापुरता बोलतो, असे त्यांचे म्हणणे.

सकाळी सात वाजता माझा काटा ‘कोरडे’जवळ होता. एक वाजता तो ‘स्वच्छ’वर होता. सहा तासांत एवढी घसरण मी मास्तरांच्या काळातही क्वचित केली असेल. पितळी काटा कोणी सात वाजता जुळवून ठेवला असता, तर दोन्हींमधले अंतर लहान पोरालाही दिसले असते. कोणी ठेवला नव्हता. सगळे शब्द वाचत होते.

तिकिटखिडकीत तांडेलाची बायको बसते. सारा धक्का तिला वहिनी म्हणतो. गोदीतल्या अकरा जणांत तिचा धाकटा दीर आहे. सकाळपासून तिने नवऱ्यामागे टुमणे लावले होते की एक वाजताच जा आणि भावजींना, सगळ्यांना घेऊन या. तांडेल शेडच्या पत्र्यांना दोर बांधत होता. गिरणीवाल्याला आणि इतर चौघांना त्याने पत्रे बांधून देण्याचा शब्द दिला होता, आणि दोर बांधण्यात त्याच्या हाताला तोड नाही. एक वाजता तो आत आला, माझ्याकडे पाहिले आणि तिला म्हणाला,

“गोलोबा स्वच्छ म्हणतोय. वादळ रात्रीचं आहे, दुपारचं नाही. पत्रे बांधून होऊ देत, मग जातो.”

“गोलोबाला काय जातंय म्हणायला? त्याला भिंतीवरच राहायचंय.”

“महिनाभरात एकदा तरी चुकलाय का तो?”

तांडेल पुन्हा पत्र्यांवर चढला. अशा रीतीने माझ्या एका शब्दाने दोन तास वीस मिनिटे खाल्ली.

तीन पन्नासला घड्याळजी धक्क्यावर आले. त्यांची बहीण खालच्या आळीत राहते. तिला वरच्या गावात, आपल्या घरी न्यायला ते उतरले होते, आणि ती आवराआवर करेपर्यंत दोर विकत मिळतो का पाहायला कचेरीत शिरले. त्यांची नजर माझ्यावर गेली. ते जवळ आले. टकटक केली नाही. नुसते पाहत राहिले.

त्यांनी वहिनीला विचारले, हा इथे कधीपासून? ती म्हणाली, महिना झाला, कचेरीबरोबर आला. मागचा स्क्रू कोणी फिरवला का, असे त्यांनी विचारले. कसला स्क्रू, असे तिने विचारले. घड्याळजी बाकावर बसले. बाहेर वारा चांगलाच सुटला होता.

“वहिनी, हा बिघडला नव्हता,” ते म्हणाले. “उंचावर नेला म्हणून कमी दाखवत होता. मी नुसता स्क्रू फिरवला. स्प्रिंगबिंग काही बदलली नाही. खाली आणल्यावर तो परत फिरवायला हवा होता. मी बोललोच नाही, तर कोणाला कळणार?”

“मग स्प्रिंग बदलली असं का सांगितलंत?”

घड्याळजींनी आपल्या बोटांकडे पाहिले. “अर्ध्या मिनिटात स्क्रू फिरवला म्हटलं असतं, तर कारागीर कोण म्हणालं असतं मला?”

वहिनीने मला खिळ्यावरून काढले आणि त्यांच्या मांडीवर उपडे ठेवले. घड्याळजींच्या खिशात पेचकस असतोच. त्यांनी स्क्रू जितका फिरवला होता तितका उलटा फिरवला. मला पुन्हा सरळ केले तेव्हा काटा ‘स्वच्छ’ सोडून, ‘बदल’ ओलांडून, ‘पाऊस’ही मागे टाकून ‘वादळ’च्या पहिल्या अक्षराकडे निघाला होता. दोघांनीही तो पाहिला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच, कोणी पाहू नये अशी इच्छा केली.

तांडेल पाण्यावर मोबाइल नेत नाही, दोन बुडवून झाले आहेत. वहिनीने दिराला फोन लावला, तो लागला नाही. खाडीच्या पाण्यावर रेंज नसते. मग तिने गोदीच्या पहारेकऱ्याला लावला. तेव्हा चार वाजून बारा मिनिटे झाली होती. पहारेकऱ्याने सांगितले की लाँच आत्ताच सुटली, दोन मिनिटे झाली, अकराही जण आहेत. तिने त्याला हाक मारून लाँच परत बोलवायला सांगितले, रात्रभर गोदीतच राहू देत म्हणाली. तो धावत गेला. परत येऊन म्हणाला, वाऱ्यात ऐकू जात नाही.

पलीकडून इथे यायला चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे लाँच चार पन्नासला दिसायला हवी होती.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. त्याची काच पुसता, तारीफ करता, चांगले आहे. पण तेवढ्याने ते जपले जात नाही. ते कुठून कुठे नेले, कोणी उघडले, आत काय फिरवले, हे एका कागदावर लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा. दुरुस्ती सोपी होती तर सोपी होती असेच लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि कोणी तुमची नको तेवढी स्तुती करू लागले, तर माझी आठवण ठेवा. मी महिनाभर ती निमूट ऐकून घेतली.

पाचच्या सुमारास घड्याळजींची बहीण गाठोडे घेऊन दारात आली. वाट वर जाणारी, झाडे मोडू लागलेली, तेव्हा निघायचे तर आत्ताच निघायला हवे होते. घड्याळजींनी तिला शिंप्याच्या बायकोसोबत वर पाठवले. त्यांनाही जायचे होते, पण वहिनीने त्यांना थांबवले. गोदीतल्या माणसांच्या घरची माणसे एकेक करून धक्क्यावर येऊ लागली होती, आणि लाँच एक वाजताच का गेली नाही, असे प्रत्येक जण तिला विचारत होता.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “तुम्ही इथे बसा. जो येईल त्याला, मला सांगितलंत तेच सांगा. शब्दन् शब्द.”

ते बसले. एका सुताराच्या बायकोला सांगितले. एका रंगाऱ्याच्या वडिलांना सांगितले. रंगाऱ्याच्या वडिलांना नीट ऐकू येत नाही, त्यांना दोनदा सांगावे लागले, दुसऱ्यांदा मोठ्याने. मी त्यांच्या शेजारीच बाकावर उताणा पडलो होतो. मला पुन्हा खिळ्यावर टांगायचे कोणाच्या मनात आले नाही.

आता पाच वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. माझा काटा अजून उतरतोच आहे. पाऊस आडवा येतो आहे आणि धक्क्याचे टोक दिसेनासे झाले आहे. गोदीचा फोन लागत नाही. लाँच आलेली नाही. घड्याळजींनी आतापर्यंत सात जणांना सांगितले. बाहेर पायऱ्यांवरून, भिंतीला धरून, एकेक पायरी मोजत कोणी उतरते आहे. वहिनीने खिडकीतून पाहिले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. उतरते आहे ती तांडेलाची आई आहे. तिची दोन्ही मुले त्या लाँचवर आहेत.

घड्याळजी उठून उभे राहिले आहेत.