तेलगुरूचं थंड तेल

गाड्यांच्या बाजारामागच्या मैदानात भरदुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध लोखंडी घोड्यांवर एक जुनी मोटार चढवलेली होती आणि तिच्यापुढे तेलगुरू उभा होता. अंगात पायघोळ पांढरा डगला. सारा जन्म इंजिनांत घातला म्हणणाऱ्या माणसाच्या कपड्यावर तेलाचा एकही डाग कसा नाही, हा प्रश्न त्या गर्दीत एकीलाच पडला होता. तिला सगळे मिस्त्रीताई म्हणत. वडील गेल्यापासून वीस वर्षं त्यांचं गॅरेज तीच चालवत होती.

"इंजिनाला तेल लागतं असं कोण म्हणतं?" गुरू विचारत होता. "तुम्ही त्याला तहान शिकवलीत, म्हणून ते पितं. माझ्या चिरंतन तेलाची एक बाटली पाजा, आणि मग पोटातलं सगळं तेल काढून फेका. तहानच मेली की पाजायचं काय?"

वीस मिनिटं चाललेलं इंजिन त्याने बंद केलं. एक चेला गाडीखाली शिरला. तळाच्या तेलाच्या टाकीला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात, त्याचा नट त्याने काढून लोकांना दाखवला. सोनेरी धार काचेच्या भांड्यात पडली, बारीक झाली, थांबली. नट न लावताच गुरूने किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं आणि अर्धा तास मांजरासारखं गुरगुरत राहिलं. लोकांच्या तोंडाचा आ मिटेना.

"बघितलंस?" शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला. "आणि तू माझ्या मागे लागतेस, तेल बदल, तेल बदल."

वडिलांची जुनी मोटार भावाकडे होती. महिन्यातून दोनदा बाहेर निघायची. आठवड्यापूर्वीच यावरून दोघांची जुंपली होती. वर्षात पाचशे किलोमीटर न होणाऱ्या गाडीला दरवर्षी नवं तेल कशाला, असं त्याचं म्हणणं. "अरे, उभ्या गाडीचंच तेल लवकर नासतं," तिने सांगितलं होतं. "तू चौकापर्यंत जाऊन येतोस. इंजिन नीट तापत नाही, आतला ओलावा उडत नाही, तेलात पेट्रोल उतरतं आणि ते बेअरिंग खातं. किलोमीटर नको मोजू, महिने मोज. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं जाड, झीज रोखणारं जस्त असलेलं तेल घाल. आणि काढलीस की तासभर तरी फिरव." भावाला ती कटकट वाटली होती.

मिस्त्रीताई गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि तिने काचेच्या भांड्यात बोट बुडवलं.

"हे थंड आहे," ती म्हणाली. "वीस मिनिटं चाललेल्या इंजिनातून आलेलं तेल अर्ध्या तासानंतरही गरम लागायला हवं. आणि याचा रंग बाटलीतल्यासारखा. हे इंजिनातून आलेलंच नाही."

"तपाचं तेल तापत नाही, माते," गुरू हसून म्हणाला. लोकही हसले.

"मग मला गाडीखाली जाऊ द्या. पाच मिनिटं."

गुरूचं हसू मावळलं. त्याने नुसती मान हलवली आणि दोन चेल्यांनी तिला दंडाला धरून खाली पाडलं. तिसऱ्याने जॅकचा दांडा उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला तिने डावा हात वर केला, तेव्हा मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. मग चेले राहिले बाजूला, गर्दीच तुटून पडली. कुणीतरी पोटात लाथ घातली. तिने डोळे उघडले तर तो दुधाचा टेम्पो चालवणारा होता. चारच दिवसांपूर्वी तिने त्याचे ब्रेक दुरुस्त करून दिले होते.

भाऊ दहा पावलांवर उभा होता. "माझी बहीण आहे," तो कुणाला तरी सांगत होता, "पण चूक तिचीच आहे."

दांड्यापेक्षा ते वाक्य तिला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी भावाने बाटली ओतली, चेंबर रिकामं केलं आणि बायकोला घेऊन घाटरस्त्याला लागला. सहा-सात किलोमीटर चढ नीट गेला. मग इंजिनात घण घातल्यासारखे आवाज येऊ लागले. बायको म्हणाली, थांबवा. तो म्हणाला, इंजिन तहान विसरतंय. पुढच्या वळणावर पिस्टन जाम झाले, मागची चाकं जागीच आवळली आणि मोटार फरफटत दगडी कठड्यावर आदळली. बायकोचं कपाळ काचेने फाटलं. भावाचा उजवा पाय पत्र्यात असा चेपला, की इस्पितळात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर येताच तो बहिणीला म्हणाला, "तेल खरं होतं गं. माझाच विश्वास कमी पडला."

मिस्त्रीताईने त्याचं पांघरूण सारखं केलं. मग गळ्यात बांधलेला प्लास्टरचा हात सावरत उठली आणि थेट तेलगुरूच्या शेडकडे गेली.

तिथे तिच्याआधीच गर्दी पोचली होती. आणखी चार जणांची इंजिनं फुटली होती. परवा तिला लाथा घालणारेच आज पहारी घेऊन आले होते. एक चेला दाराशी रक्तात पडला होता, दुसऱ्याचे दात सांडले होते. गुरू आपल्याच मोटारीखाली अंग चोरून बसला होता आणि टेम्पोवाल्याने त्याला पायाला धरून ओढायला घेतलं होतं.

मिस्त्रीताई टेम्पोवाल्यासमोर येऊन उभी राहिली. "सोड त्याला."

"ताई, तुमचा हात यानेच मोडला."

"हात मोडायला तूही होतास." टेम्पोवाल्याची नजर खाली गेली. "आज हा मेला, तर उद्या याचे चेले याचा फोटो लावून तेच तेल दुप्पट विकतील. मला तो जिवंत हवाय आणि ही गाडी उघडून हवीय. माझा एकच हात चालतोय. छिन्नी मी धरते, हातोडा तू मार."

टेम्पोवाला कचरला, पण तिच्यामागोमाग गाडीखाली शिरला. लोकांनी वाकून बॅटऱ्या धरल्या. सातव्या घावाला पत्रा फाटला आणि थोडं सोनेरी, थंड तेल गळलं. फाटका पत्रा खाली ओढला तर आत दुसरा तळ. खरं चेंबर, त्याचा खरा नट, जागच्या जागी घट्ट. मिस्त्रीताईने तो पान्याने सोडवला. काळंकुट्ट तेल भदाभदा बाहेर आलं आणि खाली दबलेल्या गुरूच्या पांढऱ्या डगल्यावर सांडलं.

"खालच्या खोट्या ताटलीत तीन लिटर तेल भरायचं आणि तेवढंच लोकांपुढे सोडायचं," ती म्हणाली. "वरचं इंजिन आपल्या तेलात सुखाने चालतंय. झाला चमत्कार."

दोन-तीन पहारी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. गुरूला पोलीस घेऊन गेले, आणि मिस्त्रीताईने साक्षीत दांडा मारणाऱ्याबरोबर लाथ घालणाऱ्याचीही नोंद करवली. टेम्पोवाल्याने नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी तिने ती फाटकी ताटली भावाच्या खाटेवर ठेवली. त्याने ती उलटीसुलटी केली, कडेच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"दाखवायलाच निघाले होते. तू बघत होतास."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. मिस्त्रीताईने उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला, तो काढला नाही.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हे सगळं ऐकत होता. "मग बाई, विश्वास ठेवायचा तरी कुणावर? तुमच्यावर?"

"माझ्यावरही नको," ती म्हणाली. "मी चुकू शकते. सांगणारा कुणी का असेना, म्हणा, दाखव. स्वतः हात घालून बघा, उघडून बघा. जो खरं सांगतो तो म्हणेल, या, बघा. आणि जो बघू देत नाही, बघायला गेलेल्याला मारतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढं ओळखा आणि तिथून निघा. पाय शाबूत आहेत तोवर निघा."