डुकरांची परवानगी

आमच्या मार्शलला देवाने सगळं दिलंय, फक्त मागायला तोंड दिलेलं नाही. मला मागणी घालायलासुद्धा त्याने आईला आत पाठवलं होतं, आणि स्वतः बाहेर स्कूटरपाशी उभा राहिला होता. तेव्हा मला ते गोड वाटलं. वय लहान होतं माझं.

हा माणूस आता इथे ऑस्ट्रेलियात, केलीव्हिलमध्ये राहून, बँकेत आयटीची नोकरी करून, शिकारी व्हायला निघाला. कारण आमच्या शेरिलचं लग्न. वसईला त्याच्या आजोबांनी म्हणे घरच्या लग्नात स्वतः मारलेल्या रानडुकराचं इंद्याल, आमचा आंबट-तिखट रस्सा, वाढलं होतं. मम्मीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवाघरी जायच्या आधी कुटून पाठवलेल्या बॉटल मसाल्याची शेवटची बाटली आमच्या फ्रीजरमध्ये आहे. तो मसाला लेकीच्या लग्नात रानडुकराच्याच इंद्यालात पडणार, हा मार्शलचा हट्ट. मी म्हटलं, "शॉपिंग सेंटरमधल्या खाटकाकडे पोर्क मिळतं रे." तर असा बघायला लागला, जणू मी लग्नच मोडायला सांगितलं.

कोर्स झाला, लायसन्स आलं, बंदूक आली, ती ठेवायला गॅरेजमध्ये लोखंडी कपाट आलं. डुक्कर तेवढं आलं नाही. इथे दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करायची तर जमीनमालकाची परवानगी लागते, आणि ती मागावी लागते. इथेच तर आमचं घोडं पेंड खातं.

शिकारी क्लबातल्या कुणीतरी मजी गावापलीकडच्या वेंडीचं नाव सांगितलं. सत्तरीची बाई, नवरा वारलेला, मुलगा दूर पर्थला. मेंढ्या थोड्या, रानडुकरं उदंड. एका रविवारी चर्चमधला मास आटोपून आम्ही तिच्याकडे निघालो. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही ही मम्मीची शिकवण, म्हणून नाताळ नसताना मी नाताळातले गोड कुलकुल तळले आणि स्टीलच्या डब्यात भरले.

वेंडीने दारातच मार्शलकडे टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि आत बोलावलं. चहा झाला, लोणी लावून स्कोन, म्हणजे इथले गोडसर पाव, खाऊन झाले. मार्शलने मेंढ्यांची चौकशी केली, पावसाची केली, तिच्या गुडघ्याची केली. मग उठला, "थँक यू, वेंडी" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

"अरे, विचारलं का नाहीस?"

"पहिल्याच भेटीत कामाचं बोलायचं? बरं दिसत नाही, पॉलीन."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिले. हा भांडं भरून देऊन आला!

डबा तिच्याकडेच राहिला, म्हणून पुन्हा जावं लागलं. तिने तो लिंबांनी भरून दिला. आता तिने भरून दिलेला डबा आपण रिकामा कसा पाठवायचा? मी मैद्याचे फुगे तळले. तिने अंडी दिली. मी नारळ-गुळाचं दोदोल ढवळत बसले, दंड भरून आले माझे. दर दुसऱ्या रविवारी आमची वरात मजीला. शिकार राहिली बाजूला, माझा डबा मात्र निम्मा ऑस्ट्रेलिया हिंडून आला.

बरं, त्या बाईने वाट करून दिली नाही असंही नाही. एकदा चहा ओतता ओतता म्हणाली, "काल मेल्यांनी ओढ्याकाठचं सगळं कुरण उकरून ठेवलं. कुणीतरी बंदोबस्त करायला हवा डुकरांचा." बोलणं सगळं इंग्रजीतच चालायचं, मी आपल्या भाषेत सांगतेय. तर एवढं म्हणून ती मार्शलकडे बघत राहिली. मी टेबलाखालून त्याला लाथ घातली.

मार्शल म्हणाला, "अरेरे. फार वाईट वाटलं ऐकून."

जेजू! कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा?

घरी शेरिल करवादली, "डॅड, जस्ट आस्क हर! व्हॉट्स द वर्स्ट शी कॅन से?"

"नाही म्हणाली तर?" मार्शल हळूच बोलला. "मग पुन्हा कुठल्या तोंडाने जायचं तिच्याकडे?"

लग्न तोंडावर आलं. हॉलवाला मेन्यू विचारत होता, आणि मार्शल त्याला सांगत होता, पोर्कचं आम्ही बघतो. त्या रविवारी वेंडीच्या स्वयंपाकघरात तो तिसऱ्यांदा तिच्या गुडघ्याकडे वळला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"वेंडी," मी म्हटलं, "ह्याला तुझ्या जमिनीवर डुक्कर मारायचंय. पोरीच्या लग्नासाठी. म्हणून आम्ही येतोय इतके दिवस. झालं, बोलले मी!"

मार्शल लाजेने लालबुंद. वेंडी मात्र शांतपणे लोणी लावत होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या टोपीवर एवढं मोठं डुक्कर छापलेलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने सुरी खाली ठेवली. "याआधी ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना हो म्हटलं. चांगली मुलं होती. मागच्या गेटची चावी घेऊन गेली. आता कधीतरी ओढ्याकडून बार ऐकू येतो, तेव्हा कळतं की आलीत." मग हसली. "तुला हो म्हटलं असतं, मार्शल, तर तूही मागच्याच गेटने गेला असतास. मग हे कुलकुल मला कुणी आणून दिले असते?"

मी हातातला स्कोन बशीत ठेवला. इतके दिवस मी गाडीत ह्याच्या भिडस्तपणाला शिव्या घालत होते, आणि ही बाई रविवारी सकाळपासून चहाचे कप मांडून बसत होती. मला मम्मी आठवल्या. फोनवर त्यासुद्धा कधी 'ये' म्हणाल्या नाहीत. पाऊस पडला का तिकडे, एवढंच विचारायच्या. लेकाने मागण्याची भीड कुणाची उचलली, ते मला तिथे कळलं, आणि रडूच आलं.

वेंडीने परवानगीच्या कागदावर सही करून दिली. निघताना माझा डबा हातात ठेवला. हलका होता, आत काहीतरी खुळखुळलं. गाडी गेटाबाहेर पडल्यावर उघडून पाहिला. मागच्या गेटची चावी.

मी ती मार्शलला दाखवली. त्याने तिथल्या तिथे गाडी वळवली. मला वाटलं, टोपी विसरला. पण तो सरळ ओट्यावर चढला आणि दाराशेजारच्या खिळ्याला चावी अडकवली.

"आम्ही पुढच्या दारानेच येऊ, वेंडी," तो म्हणाला. "आधी चहा, मग डुकरं."

"चहाच पीत बसलात तर डुकरं काही मरत नाहीत, मेट," ती म्हणाली.

"आणि लग्नाला यायचं हं. तुझी खुर्ची पुढे, माझ्या आईच्या जागी."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वेंडीने मान डोलावली आणि जाळीच्या दाराआड गेली.

लग्नाच्या इंद्यालात रानडुक्कर पडेल की खाटकाचं, देवाला ठाऊक. त्या रविवारी माझा डबा पहिल्यांदाच रिकामा घरी आला. तरी मी तो घासायच्या आधी दोन्ही हातांत धरून उगाच उभी राहिले.