मुलुनेश प्याली तो पेला

मित्रांनो, माझा जन्मच झुंजीत झाला. काफा नावाच्या मुलखातल्या डोंगरात दोन बैल एकमेकांवर धावून गेले आणि एकाचे शिंग मुळातून मोडले. तो बैल रक्त जाऊन मेला. मांस गावाने खाल्ले. शिंग एका कारागिराने उचलले. त्याने मला उकळत्या पाण्यात घालून आतला गाभा काढला, टोक कापले आणि तळाला लाकडाची चकती ठोकली. मग खरखरीत पानांनी घासून मला गुळगुळीत केले. असा मी शिंगाचा पेला झालो. आता फार जुना झालो आहे.

गेसेसे नावाच्या शेतकऱ्याने आपल्या लग्नात मला घरी आणले. त्याच्या बायकोचे नाव अस्काले. सणाला ती माझ्यात मधाचे पाणी भरून पाहुण्यांना द्यायची. पाहुणे मला हातात फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "वहिनी, असा पेला राजाकडंही नसेल."

पुढे अस्काले तापाने अंथरुणाला खिळली. तिला भाकरी गिळवेना. तेव्हा गेसेसे माझ्या काठावरून तिच्या ओठांत थोडे थोडे पाणी सोडायचा. तिचे शेवटचे पाणी माझ्यातूनच गेले. नंतर त्याने मला विसळलेसुद्धा नाही. तसेच फळीवर ठेवून दिले. जेवणारे एकच माणूस उरले, की त्या घरात भांड्याला भांडे लागत नाही. मी ती शांतता बरीच वर्षे ऐकली.

मग एका सकाळी त्याने मला कापडात गुंडाळले आणि गावच्या लहानशा प्रार्थनाघरात नेऊन दिले. तिथे प्रार्थना चालवणारे बेयेने नावाचे पाळक होते. गेसेसे त्यांना म्हणाला, "प्रभुभोजनाला हा वापरा. निदान तिच्या पेल्याला माणसांचे ओठ लागतील."

आता तुम्हांला मान्जो लोकांबद्दल सांगितले पाहिजे. ते गावाखाली, जंगलाच्या कडेला राहत. कोळसा पाडत, मोळ्या विकत. ते रानडुक्कर आणि माकड खातात म्हणून गाव त्यांचा विटाळ मानी. वाटेत गावकरी दिसला, की मान्जोने वाट सोडून गवतात उभे राहायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, "तुमच्याऐवजी मी मातीत जावं." हाच त्यांचा नमस्कार. मान्जो ज्या भांड्यातून पाणी पिईल, ते भांडे गाव फोडून टाकी.

प्रार्थनाघरातही तेच होते. गावकरी पुढे बाकांवर बसत. मान्जो मागे, दाराजवळ, गवत पसरलेल्या जमिनीवर बसत. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, मनुकांचा रस भरून मी बाकांवरून हातोहात फिरे. मागे गेलो, की मान्जो पानाचा द्रोण करून पुढे धरत आणि पाळक माझ्यातला रस वरून ओतत. माझा काठ पानालाही लागू नये, याची ते काळजी घेत. पाळक भले माणूस होते. तरीही त्यांना यात काही वावगे दिसले नव्हते.

एका रविवारी त्यांनी शास्त्रातून शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. प्रभू येशू दमून विहिरीवर बसला आणि जिच्या हातचे पाणी त्याच्या लोकांना चालत नसे, तिच्याकडेच त्याने पाणी मागितले.

मागून एक बाई उभी राहिली. ती मुलुनेश, दुबाले कोळसेवाल्याची बायको.

"पाळकबाबा, एक विचारू का?"

पुढच्या बाकावर गेसेसेचा धाकटा भाऊ माशेशा बसला होता. तो मान वळवून म्हणाला, "घ्या! आता माकडंही शास्त्र विचारायला लागली."

लोक हसले. दुबालेने बायकोचा पदर ओढला. "बस ना गं."

"का बसू? बाबा, तो पाणी प्यायला, तर भांडं कुणाचं होतं?"

"तिचंच," पाळक म्हणाले. "त्याच्याजवळ भांडं नव्हतं."

"मग नंतर ते फोडलं का?"

पाळकांनी पुस्तकात पाहिले. जणू तिथे काही वाचायचे राहून गेले होते. मग त्यांचा चेहरा उतरला. "नाही, बाई. फोडलं नाही."

"मग आम्हांला पानातून का देता?"

कोणी हसले नाही. पाळकांनी मला दोन्ही हातांत उचलले आणि ते बाकांच्या मधून मागे चालत गेले. "मुलुनेश, तू रोज वाटेवर म्हणतेस, तुमच्याऐवजी मी मातीत जावं. देवाच्या पुत्रानं तुझ्यासाठी हेच म्हटलं आणि तो खरंच मातीत गेला. मी तुला पान देत राहिलो. घे. पी."

तिचे हात कोळशाने काळे होते. तिने मला तोंडाला लावले आणि एक घोट घेतला.

"वहिनीचा पेला!" माशेशा ओरडला.

त्याची काठी तिच्या जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. मी खाली पडलो. दुबाले मध्ये आला, तर चौघांनी त्याला पाय धरून बाहेर फरफटत नेले. पाळक त्याच्यावर आडवे पडले. त्यांचा हात मोडला आणि त्यांना बाजूला फेकले. मग काठ्या आणि दगड दुबालेच्या डोक्यावर पडू लागले. त्याचे हलणे थांबले, तरी मारणे थांबले नाही. दगड उचलणाऱ्या त्या हातांनी थोड्या वेळापूर्वी मला धरले होते. नंतर जमाव खाली धावला. मान्जोंच्या झोपड्या पेटल्या.

गेसेसे बाकावरच बसून होता. त्याने कोणाला मारले नाही आणि कोणाला अडवलेही नाही.

नंतर गेसेसे घरी परतला, तेव्हा माशेशा मला उचलून त्याच्या अंगणात घेऊन आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होते. "दादा, पेला बाटला. तूच फोड. फोडायचा मान तुझा."

गेसेसेने कुऱ्हाड हातात घेतली नाही. माशेशाने मला जात्याच्या दगडावर ठेवले आणि कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, घातला. माझ्या काठाचा टवका उडाला. शिंग मातीच्या भांड्यासारखे फुटत नाही.

"चिवट आहे रांडेचा. चुलीत घाल."

गेसेसेने मला उचलून छातीशी धरले. "अस्काले याच काठावरून शेवटचं पाणी प्याली."

"म्हणून तर! तिचा पेला त्या बयेनं उष्टा केला."

"अस्काले असती तर तिनं आणखी भरून दिला असता. आज तू कुणाला मारलंस रे?"

"एक मान्जो गेला. एवढं काय त्यात?"

"दुबाले. नाव घे त्याचं."

माशेशाने कुऱ्हाडीचा दांडा भावाच्या तोंडावर मारला. दोन दात अंगणात पडले. "जा मग त्यांच्यात! गावात कुणी तुझ्या दारचं पाणी पिणार नाही. मेलास तर पुरायलाही येणार नाही."

गेसेसेने तोंड पुसले, एका हातात कुदळ आणि दुसऱ्या हातात मला घेतले आणि तो उतारावरून खाली गेला.

जळक्या झोपड्यांच्या पलीकडे मान्जो कबर खणत होते. त्याला पाहताच भाले उचलले गेले. एका म्हाताऱ्याने विचारले, "काय राहिलंय आता? ही कुदळ कुणासाठी आणलीस?"

"दुबालेसाठी. मला खणू द्या. मी तिथंच बसलो होतो. उठलो नाही."

कोणी हो म्हटले नाही. पण भालेही चालले नाहीत. तो खड्ड्यात उतरला आणि माती बाहेर फेकू लागला. दुबालेला त्यात ठेवेपर्यंत तो थांबला नाही. मी कडेला गवतात पडलो होतो.

मुलुनेशने जबडा फडक्याने बांधला होता. तिला बोलता येत नव्हते. ती उठली, मला उचलून ओढ्यावर घेऊन गेली आणि भरून आणले. तिने कसेबसे पाणी तोंडात घेतले. अर्धे पाणी लाल होऊन माझ्यातच परत आले. मग तिने तेच गेसेसेपुढे धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाहत उभी राहिली. त्याला क्षमा केल्याचे तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. ती फक्त पाहत होती.

वर चढावर माशेशा आणि गावकरी उभे होते. गेसेसेने त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग तो सगळे पाणी प्याला.

त्यानंतर गावाने त्याला खरेच वाळीत टाकले. तो मान्जोंच्या वस्तीत राहिला आणि पुढे तिथेच वारला. हात बरा झाल्यावर पाळक वस्तीतल्या झाडाखाली प्रार्थना घेऊ लागले. तिथे मी अजून फिरतो. तुटलेला काठ कोणाच्या ओठाला लागतो, पण अजून कोणी तक्रार केलेली नाही.

मित्रांनो, भांडे घासा, विसळा, उन्हात वाळवा. ते जुने झाले तरी त्याला जपा. पण त्यातून कोण प्याले म्हणून ते कधी फोडू नका. भांडे फोडायला उचललेला हात भांड्यापाशी थांबत नाही. तो पुढे कुठे जातो, ते मी पाहिले आहे.