धाकटीला मिळालेलं उत्तर

धाकटीचं घर, तिचा पगार, तिचा हसरा नवरा, हे सगळं थोरलीनं तिला केव्हाच माफ केलं होतं. माफ होत नव्हतं ते एवढंच, की तरणतलावावर बायकांना पोहायला शिकवणारी ही आपली सख्खी बहीण कपडे बदलताना कधी भिंतीकडे तोंड करत नाही.

थोरली पडद्यांच्या दुकानात शिवणयंत्रावर बसायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा तिच्या कमरेखाली बघून हसला होता. "हे असं लोंबतं का गं सगळ्यांचं?" त्याची थट्टा तिथंच संपली. तिनं मात्र त्यानंतर दिवा मालवल्याशिवाय त्याला जवळ येऊ दिलं नाही. बाळंतपणात इलाज नव्हता, डोळे गच्च मिटून पडून राहिली. पुढे काही दुखलंखुपलं तरी दवाखान्याची पायरी चढली नाही.

एका दुपारी धाकटी दुकानात डोकावली.

"ताई, एका कुल्ल्यावर काय बसलीयेस?"

"गळू झालंय."

"कुठं?"

थोरलीनं पदर मांड्यांवर ओढून घेतला. धाकटी काय समजायचं ते समजली. "ऊठ. दवाखान्यात चल."

"तुझं बरंय गं! तुला सगळं नीटनेटकं मिळालंय, तू कुठंही जाशील!" थोरली एकदम उसळली आणि मग इतक्या वर्षांचं सगळं भडाभडा बोलून गेली. धाकटीनं ऐकून घेतलं आणि तिची पिशवी उचलली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "ग्रंथीचं तोंड बंद होऊन पू साठलाय. छोटी चीर द्यावी लागेल. लवकर आला असतात तर कदाचित शेकानंच उतरलं असतं."

"आणि बाकीचं?" थोरलीनं छताकडे बघत विचारलं. "ते... बाहेर आलेलं?"

"योनीचे आतले ओठ होय? कुणाचे आत असतात, कुणाचे बाहेर दिसतात. तुमच्यात काही बिघाड नाही." बाई हातमोजे बदलायला वळल्यासुद्धा.

बाहेरच्या बाकावर धाकटी हळूच म्हणाली, "माझंही तसंच आहे, ताई. लग्न ठरलं तेव्हा मी घाबरून आईला विचारलं होतं. ती म्हणाली, वेडाबाई, माझंही असंच आहे."

थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. पण तिचा जळफळाट झाला. "माझ्या लग्नात आई माझ्याशी फक्त भांड्याकुंड्यांचं बोलली!"

"तू विचारलंस कुठं?"

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. आता विचारायला आई राहिली नव्हती.

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला त्याचं ते वाक्य ऐकवलं. त्यानं हातातला कप खाली ठेवला. "मी असं म्हणालो? कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. क्षणभर तिला त्याचाही हेवा वाटला. बोलून विसरून जायचं, किती सोपं!

"म्हणालात," ती म्हणाली. "आणि त्यात काही बिघाड नाही. डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलंय."

त्यानं मान खाली घातली. "चुकलंच माझं."

गळू बरं झालं. पुढच्या तपासणीला ती एकटी गेली, टेबलावर डोळे उघडे ठेवून पडली. तिची लाज हळूहळू ओसरत गेली. धाकटीबद्दलचा मत्सर मात्र काही गेला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच धाकटीनं आईच्या तोंडून ऐकलं होतं, आणि वर लाडाचं "वेडाबाई"सुद्धा.