कुलपावरचा मासा

"आतलं राहू द्या. वरचा मासा दाखवा," डावीकडचे साहेब म्हणाले.

आमच्या ह्यांनी कुलूप खोलून पट्ट्या आणि स्प्रिंगा टेबलावर मांडल्या होत्या. अपील ऐकायला एक कायद्याचे साहेब असतात आणि एक विषयाचे जाणकार, असं आमच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं. ह्यांना वाटलं, विषय म्हणजे कुलपं. जाणकाराला दाखवायचं म्हणून आदल्या दिवशी कुलूप पुसून लख्ख केलं. इथे आल्यावर कळलं, त्या साहेबांचा विषय नुसता मालावरचा छाप. आयुष्य गेलं आतलं घडवण्यात, आणि विचारतात वरचं!

मधली खुर्ची रिकामी होती. मला आपलं वाटलं, ते साहेब चहाला गेले असतील.

पलीकडे आमचा पुतण्या त्याच्या वकिलाशेजारी बसला होता. दीर-जाऊ गेल्यावर आमच्याच घरात वाढला, ह्यांच्याच हाताखाली शिकला. मग वेगळा कारखाना काढला आणि कुलपांवर आमचाच मासा उमटवायला लागला. नोंदणी कार्यालयाने मासा त्याच्या नावावर करून दिला. तो परत मिळावा म्हणून हे अपील. गिऱ्हाईक मासा बघूनच कुलूप घेतं. तो गेला तर दुकानात उरतं काय?

"हा मासा पहिल्यांदा कधी काढलात?" कायद्याच्या साहेबांनी विचारलं.

"हा लहान होता तेव्हा," ह्यांनी सरळ पुतण्याकडे बोट दाखवलं. "रडायचा फार. याच्यासाठीच कोरला. मग गप्प बसला."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मला ह्यांचा असा राग आला म्हणता. घरी एक गोष्ट धड सांगत नाहीत, आणि इथे विचारलं त्याच्या दुप्पट! पुतण्या मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत बसला.

दुपारी निकाल वाचला. मला अर्धा कळला. कायद्याचे साहेब म्हणाले, आधी काढला त्याचा मासा. जाणकार साहेब म्हणाले, आता लोक माशावरून पुतण्यालाच ओळखतात, म्हणून त्याचा.

"मग जिंकलं कोण?" मी बाहेर येऊन वकीलबाईंना विचारलं.

"कोणीच नाही, काकू. दोघांचं एकमत झालं नाही की अध्यक्ष ठरवतात."

"मग विचारा की त्यांना."

"अध्यक्ष अजून नेमलेलेच नाहीत. मधली खुर्ची त्यांचीच. ते येईपर्यंत मासा दोघांनीही वापरायचा नाही, असा हुकूम आहे. विकायच्या मालावर दिसता कामा नये."

"म्हणजे जे बसलेत त्यांचं चालत नाही, आणि जे नाहीत त्यांचं चालतं?"

वकीलबाई हसल्या. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं. माझं डोकं खरंच भणभणत होतं.

पुतण्या लिफ्टचं दार धरून उभा होता. "काकू, सावकाश," म्हणाला. चांगलं खडसवायचं ठरवलं होतं मी. तोंडून निघालं, "जेवलास का?"

"नाही अजून," तो म्हणाला.

घरी आल्यावर ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. कानस घेऊन बसले आणि दुकानातल्या एकेका कुलपावरचा मासा घासू लागले. घासलेली कुलपं उघडीबोडकी दिसायला लागली. तिकडे कारखान्यात पुतण्याही हेच करत असेल, असं मनात आलं, आणि कोणावर चिडावं तेच कळेना.

माल संपला तसे हे उठले आणि घराच्या दाराशी गेले. तिथे मासा कोरलेलं ते पहिलं कुलूप आहे. मासा हात लागून लागून गुळगुळीत झालाय, पण आहे. ह्यांनी कानस टेकवली. मी कुलपावर तळहात ठेवला.

"हे विकायचं नाही," मी म्हटलं.

ह्यांनी कानस खिशात घातली.

त्या कुलपाची दुसरी किल्ली पुतण्याकडे आहे. एवढं सगळं झालं, पण ती आम्ही परत मागितली नाही, आणि त्यानेही आणून दिली नाही.