माझ्या पोटातला पोलादी तुकडा

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. मोठ्या गाडीचं नव्हे. एका माणसाने दोन हातांनी उचलावं एवढंच. आज मी मिस्त्रींच्या दुकानात एका फळीवर सुटा होऊन पडलो आहे. पण झिजून संपलेलं इंजिन म्हणून माझ्याकडे पाहू नका. माझी गोष्ट वेगळी आहे.

कारखान्यात माझे भाग फार नेमके बसवले होते. माझ्या पोटात एक दट्ट्या वरखाली पळतो. माझं सगळं बळ त्याच्यात. तो आणि त्याच्याभोवतीची भिंत यांच्यात केसही शिरला नसता. तिथून मी ताईंच्या रोपवाटिकेत आलो. टाकीतलं पाणी उपसून रोपांच्या रांगांना पोचवायचं, हे काम मी नऊ वर्षं केलं.

ताईंचा धाकटा भाऊ माझी देखभाल करी. सगळे त्याला भाऊच म्हणत. तो वेळेवर तेल बदलायचा, पेट्रोल फडक्यातून गाळून ओतायचा. त्याने मला चालू करायची दोरी ओढली की मी पहिल्याच झटक्याला सुरू होई. ताईंनी ओढली तर तिसऱ्या.

"तुझाच हात ओळखतं मेलं," ताई म्हणत.

"लाडावलंय ना," भाऊ हसे.

मला वाटे, जगात मला जपणारा कुणी असेल तर हाच.

एका उन्हाळ्यात माझी ठिणगी मंदावली. ती तपासायला बाजूचं जड चाक काढावं लागतं. पण पान्याने त्याचा नट फिरवायला गेलं की चाकही सोबत फिरतं. म्हणून भाऊ दरवेळी ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या भोकातून माझ्या पोटात एक वेगळी, सुती दोरी सोडायचा. दट्ट्या त्या मऊ दोरीवर टेकून थांबे, नट सुटे आणि मला ओरखडाही उठत नसे. त्या दिवशी ती दोरी रोपांवरच्या जाळीला बांधलेली होती. सोडून आणायला वीस पावलं जावं लागलं असतं. भाऊने कंटाळा केला. हाताशी असलेला स्क्रू ड्रायव्हर त्याने भोकातून आत खुपसला आणि पान्यावर सगळा भार टाकला.

आत 'टक' असा आवाज झाला.

स्क्रू ड्रायव्हर बाहेर आला तेव्हा त्याला टोक नव्हतं. भाऊने टॉर्च लावून आत पाहिलं. दट्ट्याच्या डोक्यावर खड्डा पडला होता आणि शेजारी पोलादाचा एक बारीक तुकडा होता. त्याला तो दिसला, मित्रांनो. तरी त्याने प्लग घट्ट बसवून टाकला.

तेवढ्यात ताई आल्या. "झालं का रे?"

"संपलंय हे, ताई. नऊ वर्षं झाली. किती ओढायचं?"

"काल तर चालत होतं."

"म्हातारी माणसंही आदल्या दिवशी चालतच असतात."

इतकी वर्षं ओळखीचा असलेला तो आवाज मला परका वाटला.

तरीही मी वाचलो असतो. पण ताईंचा विश्वास बसेना. रोज सकाळी त्या म्हणत, "एकदा ओढून तर बघ." आणि भाऊ दहा-दहा वेळा दोरी ओढून दाखवी. तो तुकडा आत असताना मी सुरू होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ताईंना दिसावं म्हणूनच तो ओढत होता. प्रत्येक झटक्याला तो तुकडा दट्ट्याच्या कडेला अडकून माझी भिंत खरवडत होता. मग भाऊ कपाळाचा घाम पुसून म्हणे, "बघितलंस ना?"

पंधरा दिवस ताईंनी कॅनने पाणी वाहिलं. त्यांची पाठ धरली. शेवटच्या दोन रांगा वाळून गेल्या. सोळाव्या दिवशी त्यांनी मला हातगाडीवर घातलं.

"टाकायचंच असेल, तर मिस्त्रींना विचारून टाकू."

"उगाच हेलपाटा कशाला?" भाऊ म्हणाला. पण मागोमाग आला.

मिस्त्रींनी माझं डोकं उघडलं आणि चिमट्याने तो तुकडा उचलून फडक्यावर ठेवला. "ताई, हे झिजलेलं नाही. आत काय घातलं होतं?"

ताईंनी वळून भाऊकडे पाहिलं.

"स्क्रू ड्रायव्हर," भाऊ खाली बघत म्हणाला. "सुती दोरी तिकडे जाळीला बांधलेली होती."

"त्याच दिवशी आणायचं होतंस. दट्ट्या बदलून दिला असता. आता भिंतच गेली. हे नाही उभं राहायचं."

ताई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. "टोक मोडलं, ती चूक झाली, भाऊ. माणसाच्या हातून होते. पण माझी पाठ मोडत होती, आणि तू रोज माझ्यासमोर दोरी ओढत होतास."

भाऊ हातगाडी ढकलायला पुढे झाला. ताईंनी ती स्वतःच धरली आणि रिकामी गाडी घेऊन त्या निघून गेल्या.

मित्रांनो, माझे धड उरलेले भाग आता दुसऱ्या इंजिनांत जातील. तुमच्या हातून कधी काही मोडलं, तर घाबरा, रडा, पण त्याच दिवशी सांगा. आम्हाला तोंड नसतं. आत काय झालं हे ज्याला ठाऊक असतं, तोच आमच्या वतीने बोलू शकतो. माझ्या वतीने बोलणारा एकच होता, आणि तो पंधरा दिवस गप्प राहिला.