उस्ताद हिकमत कॉफी प्याले

उस्ताद हिकमत यांच्या टेबलाच्या खणात चार वर्षं एक पत्र पडून होतं. पत्र दोन ओळींचं होतं आणि त्याचं उत्तर लिहिताना त्यांनी आजवर अकरा कागद फाडले होते. 'सभेचा अध्यक्ष तू होतास, माइक तुझ्यापुढे होता. तुला ऐकू आलं नाही का?' खाली शहादेची सही.

शहादे आणि हिकमत यांनी अजलूनच्या डोंगरातल्या त्या गावच्या शाळेत तीस वर्षं एकत्र काढली होती. एक भूगोल शिकवायचे, एक व्याकरण. मागच्या निवडणुकीत हिकमतचा पुतण्या मिस्काल नगराध्यक्षपदासाठी दुसऱ्यांदा उभा होता. भर सभेत शहादेंनी उठून विचारलं, की पालिकेचा पाण्याचा टँकर आमच्या आळीत महिन्यातून दोनदा येतो, तर तुमच्या ऑलिव्हच्या बागेत आठवड्यातून दोनदा कसा जातो? मिस्काल म्हणाला, "ह्या माणसाची तहान भाड्याची आहे. ह्याचा बापही लोकांच्या दारातलं पाणी चाटूनच जगला." मंडप खदखदून हसला. सभेचे अध्यक्ष हिकमत यांनी माइककडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तोवर सभा पुढच्या विषयावर गेली होती.

आता पुन्हा निवडणूक आली होती, आणि या खेपेला तिच्यासोबत सभ्यताही आली होती. अम्मानहून डॉक्टर लुत्फी नावाचे गृहस्थ सभ्य प्रचाराची सनद घेऊन उतरले होते. कलमं ठरवायला दोन्ही पक्षांची समिती नऊ दिवस बसली. प्रतिस्पर्ध्याला 'माननीय' म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी मान्य झालं, कारण त्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. 'गाढव' दोघांनीही उदार मनाने सोडलं. 'खेचर' मात्र तीन दिवस अडलं. दोन्हीकडच्या वक्त्यांनी खेचरावर चांगली चांगली वाक्यं आधीच तयार करून ठेवली होती. शिव्या देताना आजोबांपर्यंत जायला बंदी झाली, पणजोबा मोकळे राहिले. मग मिस्कालने नमुन्यादाखल दोन वाक्यं म्हणून दाखवली: "माझ्या माननीय प्रतिस्पर्ध्यांना देव उदंड आयुष्य देवो. जे जे लाटलं ते परत करायला त्यांना ते लागणारच आहे." डॉक्टर लुत्फींनी टाळ्या वाजवल्या. सनदेत ते बरोबर बसत होतं.

बसत नव्हतं ते सातवं कलम. सही करणाऱ्याच्या नावावर जुना अपमान थकलेला नसावा, असं ते म्हणत होतं, आणि शहादेंचा अपमान सगळ्या गावाला तोंडपाठ होता. तेव्हा रीतीप्रमाणे बारा वडीलधारी माणसं शहादेंच्या घरी माफी मागायला जातील आणि त्यांच्या अग्रभागी उस्ताद हिकमत बसतील, असं ठरलं.

"मला नाही जमणार रे," हिकमत म्हणाले.

"काका, नुसतं तर बसायचंय. बोलायला मी आहे," मिस्काल म्हणाला. "तुमच्याइतकं गप्प बसणारं गावात दुसरं आहे कोण?"

हे तो कौतुकानेच म्हणाला. हिकमतनाही ते कौतुक म्हणूनच घ्यावं लागलं.

रीत सगळ्यांना माहीत होती. यजमान कॉफी देतो. मागणं घेऊन आलेली मंडळी कप हातात घेतात आणि न पिता समोर ठेवतात. यजमान 'मान्य' म्हणाला की सगळे पितात. मान्य न होता पाहुणे उठून गेले, तर त्या घराची पुढच्या पिढीपर्यंत नाचक्की. आणि अग्रभागी बसलेल्याने आधीच घोट घेतला, तर मागणं मागे घेतलं असा अर्थ होतो. पण असं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजानंतर मंडळी गेली. शहादेंनी स्वतः कॉफी ओतली. पहिला कप हिकमतना देताना ते "घ्या उस्ताद" म्हणाले. पूर्वी ते "हिकमत, अरे" म्हणत. बारा कप गालिच्यासमोरच्या तिवयांवर ठेवले गेले. लुत्फींच्या छायाचित्रकाराने त्यांचा एक फोटो घेतला.

मिस्काल पाव तास बोलला. जे काही बोललं गेलं असेल, कुणाच्या मनाला लागलं असेल, कुणी मुद्दाम लावून घेतलं असेल, त्याबद्दल सर्वांच्या वतीने सर्वांना खेद होता. चूक अशी कुणाचीच नव्हती.

"बापाचं मी केव्हाच सोडून दिलं," शहादे म्हणाले. "त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. टँकरचं सांग."

लुत्फींनी घाईघाईने सनद उघडली. वाद घालायचा हा दिवस नव्हे, असं त्यांनी फार गोड शब्दांत समजावलं. हा वाद नाही, प्रश्न आहे, असं शहादे म्हणाले. तेव्हा नववं कलम वाचून दाखवण्यात आलं: समोरच्याचं मन दुखावेल असा प्रश्न मतदान उरकेपर्यंत तहकूब ठेवावा.

मग वडीलधारे सरसावले. शहादे, कॉफी निवतेय. शहादे, तुझ्या दारातून बारा माणसं तशीच उठणार का? तुझ्या पोरांना इथेच राहायचंय. सगळे हळू आवाजात, मान झुकवून, छातीवर हात ठेवून बोलत होते. इतक्या आदराने कुणाचा गळा दाबलेला हिकमतनी पाहिला नव्हता. शहादेंचे खांदे खाली आले. ते हार मानणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. हिकमतनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हातांना काहीच काम उरलं नाही, म्हणून त्यांनी समोरचा कप उचलला आणि पिऊन टाकला.

बाकीचे अकरा कप भरलेलेच होते.

मिस्काल सगळ्यांत आधी सावरला. "काकांचं वय झालंय," तो हसून म्हणाला. "काका, चुकून झालं म्हणा. दुसरा कप ओततील, तो पुन्हा ठेवू."

खरं तेच होतं. चुकूनच झालं होतं. उस्ताद हिकमतना आयुष्यभर ज्या तऱ्हेची वाक्यं जमत आली, तसलंच एक लहानसं वाक्य बोलायचं होतं.

"चुकून नाही," ते म्हणाले.

आवाज इतका लहान होता, की मागून कुणीतरी काय म्हणाले म्हणून विचारलं. तेच दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

"चुकून नाही म्हटलं. आम्ही आमचं मागणं मागे घेतलं. मिस्काल, त्याला टँकरचं उत्तर दे. हवं तर माननीय म्हणून दे, पण दे."

मिस्काल उठला, अंगरखा सारखा केला आणि "देव तुम्हाला दीर्घायुष्य देवो, काका," असं इतक्या अदबीने म्हणाला की छायाचित्रकार दोन पावलं मागे सरकला. बाकीचे दारात एकमेकांच्या चपलांवर पाय देत, एकमेकांची क्षमा मागत बाहेर पडले. झाल्या प्रकाराची नोंद 'खुला संवाद' अशी करावी का, असं लुत्फी विचारत होते.

शहादेंनी हिकमतचा कप पुन्हा भरला. "हा पाहुण्याचा. हा निवांत पी." मग ते म्हणाले, "आणि माझ्या पत्राचं?"

"लिहितो."

"समोर बसलायस की. तोंडाने सांग."

"तोंडाने नाही जमणार."

"बरं बाबा, लिही," शहादे म्हणाले.

दोन दिवसांत गावाने ठरवून टाकलं, की उस्ताद चार वर्षं याच घोटाची वाट पाहत होते. दोघेजण घरी येऊन त्यांचं कपाळ चुंबून गेले. हिकमत शरमेने कोपऱ्यात बसून राहिले आणि मग त्यांनी बारावा कागद घेतला.

'ऐकू आलं होतं. भीती वाटली. परवाची कॉफीही चुकूनच प्यालो. चुकून नाही म्हणालो ते खोटं होतं. त्यापुढचं मात्र खरं.'

हा कागद काही त्यांनी फाडला नाही. पोस्टात गावातल्या प्रत्येकाच्या नावाच्या टपालपेट्या एकाच भिंतीत होत्या. पाकिटावरचं नाव वाचून कारकून म्हणाला, "शहादेंची पेटी ही काय इथंच. टाकून देऊ का, उस्ताद?"

हिकमतनी नकारार्थी मान हलवली आणि तिकीट मागितलं. तिकीट चिकटवून, त्यावर शिक्का उमटलेला पाहून त्यांनी पाकीट स्वतःच्या हाताने शहादेंच्या पेटीत सोडलं.